अव्वा सांगते ते लिहिते

सोलापूर, १६ जून १९७४

चि. रेवण्णा,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझ्या अक्षरातलं पत्र यापुढे उघडणार नाही असं तू कळवलं होतंस, आणि शब्दाचा पक्का निघालास. गेल्या दीड वर्षात माझी चार पत्रं जशीच्या तशी मेक्सिकोहून परत आली. म्हणून या वेळी पत्ता सिस्टर पिलारकडून लिहून घेतला. तुला वाटलं असेल, लुसियाच्या माहेरच्या कुणाचं आहे. फसवलं खरं, पण बारा वर्षं मास्तरीण आहे मी, पोरांच्या सगळ्या युक्त्या मला येतात.

सिस्टर पिलार म्हणजे आमच्या शाळेमागच्या मिशन दवाखान्यातली नर्स. मूळची स्पेनची, पण सोलापुरात येऊन सोळा वर्षं झाली. मराठी शिकली ती वळसंगाकडच्या बाळंतिणींकडून, त्यामुळे गोरीपान बाई तोंड उघडते आणि म्हणते, ‘काय गं बाय, लई ऊन लागलं व्हय?’ बोलता सगळं येतं, वाचता काही येत नाही. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तिला बाराखडी शिकवते आणि बदल्यात ती मला स्पॅनिश शिकवते. कशाला शिकतेस असं विचारशील. तू हेही पत्र परत पाठवलंस तर तुझ्या बायकोला लिहायचं म्हणून. ती तरी उघडेल.

सध्या तुलना चालली आहे. दोन माणसं घ्यायची, मध्ये ‘मास’ आणि ‘के’ घालायचं, की एक मोठं होतं आणि एक लहान. पहिलंच वाक्य मी केलं, ‘मी एर्मानो एस मास आल्तो के यो.’ माझा भाऊ माझ्यापेक्षा उंच आहे. सिस्टर म्हणाली, ‘एवढ्या लवकर कसं जमलं गं तुला?’ म्हटलं, सिस्टर, भाषा नवी आहे, विषय जुनाच आहे.

आता कामाचं. अव्वाचे पाय सुजतात. बोट दाबलं की खळगा राहतो आणि भरून यायला वेळ लागतो. आडवं पडलं की धाप लागते, म्हणून उशा लावून बसवूनच ठेवते. डॉक्टर म्हणतात, तुमच्या आईचं हृदय मोठं झालंय. अव्वाला ते सांगितलं तर म्हणाली, आत्ता कळलं होय त्यांना.

तिला तुझं एक पत्र हवं आहे. माझ्या नावानं घालू नकोस, तिच्या नावानं घाल. मला टाळायचं असेल तर शेजारच्या रत्नम्माच्या पत्त्यावर पाठव, तिला वाचता येतं. अव्वाला ऐकू येतं आहे तोवर पाठव.

तुझी अक्का,
महानंदा

सोलापूर, ११ ऑगस्ट १९७४

चि. रेवण्णा,

तुझं कार्ड आलं. आठ ओळी, त्यातल्या दोन औषधांच्या. अव्वाच्या नावानं एकही नाही.

तू लिहितोस, ‘अव्वानं अन्न सोडीन म्हणून कळवलं होतं. मी तिच्या शब्दाबाहेर नाही. पण माझी बायको तिला चालत नसेल तर मीही चालत नाही असं समजा.’ मी ते पायरीवर बसून वाचलं. तुझ्या जागी कुणीही असंच लिहिलं असतं. अव्वानं आतून विचारलं, काय लिहिलंय त्यानं? मी सांगितलं, रजा मिळत नाही म्हणतोय.

असं सांगणं बरं नाही हे मला कळतं. त्याबद्दल पुढे लिहीन. आज अंगात तेवढं बळ नाही.

सिस्टरनं घरच्या माणसांवर पाच वाक्यं करून आणायला सांगितली होती. माझी पाचही वाक्यं तुझी आणि माझी झाली. माझा भाऊ माझ्याहून उंच, गोरा, आवडता, जड. पाचव्यात जरा बदल म्हणून ‘मेनोस’ घातलं, ‘यो सोय मेनोस केरीदा के मी एर्मानो.’ मी माझ्या भावापेक्षा कमी लाडकी आहे. सिस्टरनं वही खाली ठेवली आणि म्हणाली, ‘बाय, घरात दोनच मानसं हायती व्हय? आईचं न्हाय, बापाचं न्हाय. सारकी तीच दोगं कशी?’ मी म्हटलं, व्याकरण बरोबर आहे ना, मग झालं तर.

जड का म्हटलं, ते तुला आठवतं का? अप्पा बाजारात मापाडी. गुढीपाडव्याला पूजा झाली की अडतीतला मोठा तराजू मोकळा असायचा, आणि ते आपल्या दोघांना एकेका पारड्यात बसवायचे. ज्याचं पारडं खाली जाईल त्याला साखरेची गाठी. मी तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी. माझंच पारडं खाली जायला हवं होतं, पण दर वर्षी तुझं जायचं. मला वाटायचं, मला दूध मिळत नाही म्हणून असेल. नवव्या वर्षी मी नीट पाहिलं. अप्पांचा अंगठा तुझ्या पारड्याच्या काठावर होता. सबंध बाजार त्यांच्या मापाची शपथ घ्यायचा, कुठल्या व्यापाऱ्यासाठी त्यांनी कधी अंगठा लावला नाही. तुझ्यासाठी लावला.

मी अव्वाला सांगितलं. अव्वा म्हणाली, मग काय झालं, तो लहान आहे. त्यानंतर पाडव्याला मी पारड्यात बसायला कधी कुरकुर केली नाही. गाठीतलं अर्धं तू मला द्यायचास हेही खरं आहे, आणि मी ते रागानं शेळीला घालायचे हेही खरं आहे.

तू लहानपणापासून चांगला आहेस. त्याचाच मला राग यायचा. वाईट असतास तर सोपं गेलं असतं.

अव्वाचं पाणी आता पोटापर्यंत चढलं आहे. जेवण दोन घास. मी शाळेत जाते तेव्हा रत्नम्मा येऊन बसते. रत्नम्मा मला म्हणते, ‘लेकानं एवढं शिकून काय केलं? लेक हाय म्हणून म्हातारी तगली हाय.’ अव्वा सगळं ऐकत असते.

तुझी अक्का,
महानंदा

सोलापूर, २९ सप्टेंबर १९७४

रेवण्णा,

हे पत्र बसून वाच. लुसिया जवळ असेल तर तिलाही सांग.

गेल्या गुरुवारी ‘तान’ आणि ‘कोमो’ झालं. म्हणजे दोघं सारखीच, कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही. सिस्टर म्हणाली, ‘आता घरातलंच बरोबरीचं सांग.’ मला एकही सुचेना. शेवटी म्हटलं, दोन्ही भाकरी सारख्या आहेत. ती म्हणाली, ‘भाकरीचं नगं. मानसाचं सांग की.’ नाही सांगता आलं. घरी आले, अव्वाचे पाय चेपायला बसले, आणि तिथं मला एक वाक्य सापडलं. अव्वा मला जे म्हणाली होती, तेच मी तुला लिहिलं. अक्षर न् अक्षर तेच. आपल्या घरात एवढी एकच बरोबरी झाली आणि ती मी केली.

आता सरळ सांगते.

सहासष्ट साली तू पुण्याला शेती कॉलेजात पुढचं शिकत होतास. सुट्टीत आलास तेव्हा विचारलं होतंस, अक्का, राजेशम मास्तर हल्ली येत नाहीत का? मी सांगितलं, आमच्या शाळेतून त्यांची बदली झाली. बदली त्यांनी मागून घेतली होती. त्याच्या महिनाभर आधी ते आपल्या आईला घेऊन पूर्व भागातून आपल्याकडे आले होते, मला मागायला. माणूस किती साधं ते तुला ठाऊक आहे. पद्मशाली, माग घरात, आई तेलगूशिवाय काही न बोलणारी. म्हातारीनं माझ्यासाठी पिशवीत घरी विणलेलं लुगडं आणलं होतं. अव्वानं त्यांना पाणी दिलं, गूळ दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि ते गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर आडवी झाली. म्हणाली, ‘परजातीचं माणूस या घरात आलं तर मी अन्न सोडीन, आणि माझ्या मातीला तू हात लावायचा नाहीस.’

तीन दिवस तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी कबूल झाले आणि माझ्या हातानं तिला पेज पाजली. लुगडं परत पाठवलं. तेव्हा मी तीस वर्षांची होते. त्यानंतर कुणी विचारायला आलं नाही.

मग बहात्तरचा श्रावण. पाऊस नाही, नळाला दिवसाआड पाणी, शाळेतली पोरं सुकडीच्या आशेनं यायची. त्यात तुझं आठ पानी पत्र आलं. लुसियाशी लग्न केलं आहे, तिला घेऊन यायचं आहे, अव्वाला विचार. मी सगळं वाचून दाखवलं, कन्नडात नीट समजावून. ती ख्रिस्ती आहे तेही सांगितलं, मांस खाते तेही सांगितलं. मनात म्हणत होते, आता ही आडवी होणार. तिची घोंगडी कुठं आहे तेसुद्धा मी बघून ठेवलं.

अव्वा तूर निवडत होती. तिनं एकच विचारलं, पोरीला स्वयंपाक येतो का? मी म्हटलं, तिकडचा येत असेल. मग म्हणाली, भाकरी आपण शिकवू, ‘कर्कोंडु बा अंत बरी.’ तिला घेऊन ये, असं लिही. तोवर सुपातली मूठभर तूरसुद्धा निवडून झाली नव्हती.

अप्पा गेल्यापासून आपली पद्धत तुला माहीत आहे. अव्वा कन्नडात सांगते, मी मराठीत लिहिते, सुरुवातीला ‘अव्वा सांगते ते लिहिते’ असं घालते, आणि खाली ती अंगठा उठवते. त्या दिवशीही तसंच झालं. ती समोर बसून सांगत होती की लुसियासाठी इरकल लुगडं घेऊन ठेवते, पाणी उकळून देऊ, अंगण सारवून घेते, ये बाबा. आणि मी लिहीत होते, परजातीचं माणूस या घरात आलं तर मी अन्न सोडीन, आणि माझ्या मातीला तू हात लावायचा नाहीस. शाळेतून आणलेली शाई मी तिच्या अंगठ्याला लावली. तिनं अंगठा दाबला आणि विचारलं, बरोबर लिहिलंस ना सगळं? मी हो म्हटलं.

मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. तिचंच वाक्य होतं, फक्त ज्याला सांगायचं त्याला तिनं सांगितलं नव्हतं, ते मी पोचवलं. आठवडाभर मला फार बरं वाटत होतं. मग तुझं उत्तर आलं आणि ते वाचून दाखवायची वेळ आली. तेव्हा प्रथम सांगितलं, रजा मिळत नाही. तेव्हापासून तेच सांगते आहे.

तिनं घेतलेलं इरकल ट्रंकेत आहे. हिरवं, लाल काठाचं.

तू रागावशील, रागाव. पण आधी ये. अव्वा तुला कधी नको म्हणाली नव्हती. डॉक्टर दिवाळीपर्यंतचं बोलतात. मला तुझ्याकडून काही नको आहे, क्षमाही नको. तिला तू दिसायला हवास, नाहीतर तुझा शब्द तरी कानावर पडायला हवा.

महानंदा

सोलापूर, २४ नोव्हेंबर १९७४

रेवणसिद्ध,

तार मिळाली असेल. मंगळवारी दुपारी अव्वा गेली. रत्नम्मा आणि मी होतो. संध्याकाळी तिला बसवून, फुलं घालून नेलं. गळ्यातलं लिंग हातात दिलं. स्वामी म्हणाले मुलगा नाही का, तर रत्नम्मा म्हणाली, ‘ही हाय की.’ माती मी दिली.

तू डिसेंबरच्या बारा तारखेला निघणार आहेस. त्याआधी हे तुला मिळावं म्हणून आज टाकते. या वेळी पत्ता मी माझ्या हातानं लिहिला आहे. यायचं की नाही ते हे वाचून ठरव.

तू आलास तर माणसं तुला माझ्याबद्दल चांगलं सांगतील. रत्नम्मा सांगेल की महानंदानं आईचं सगळं केलं, हागणं-मुतणं काढलं, एक दिवस कंटाळली नाही. ते खरं आहे. आणि तू पहिलं विचारशील ते मला ठाऊक आहे. माझं पत्र अव्वानं ऐकलं का?

परवा मी या पत्राचा एक कागद लिहिला होता. त्यात लिहिलं होतं, ऐकलं, हसली, तुझं नाव घेतलं. अक्षरही छान आलं होतं. फाडून टाकला.

मागच्या पत्रात सरळ सांगते म्हणाले आणि सगळं सांगितलं नाही. ‘रजा मिळत नाही’ एवढंच मी सांगत राहिले असं लिहिलं. तसं नव्हतं. दर दिवाळीला, दर पाडव्याला तिला तुझं पत्र लागायचं. तुझं येत नव्हतं, म्हणून मी हातात कोरा कागद धरून वाचायचे. आधी चांगली पत्रं रचली, गव्हाच्या शेताची, मुलगा झाल्याची. मग हळूहळू आखूड केली. मग त्यात अव्वाची चौकशी येईनाशी झाली. गेल्या पाडव्याच्या पत्रात तू लिहिलंस की सारखं बोलावू नका, मला इथं कामं आहेत. हे करायला मला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. तुझ्या पारड्यातलं थोडं थोडं काढत होते, एवढंच मला कळत होतं. अव्वा ऐकून घ्यायची आणि पदरानं डोळे पुसायची. मग मी तिला चहा करून द्यायचे.

सिस्टरचा मागचा धडा ‘मेहोर’ आणि ‘पेओर’चा झाला. जास्त चांगलं आणि जास्त वाईट. मी वहीत वाक्यं लिहिली नाहीत. तिला सगळं सांगितलं. तिनं क्रूस हातात धरला. मग म्हणाली, ‘म्हातारीला सांग. तिच्या जिवात जीव हाय तवर सांग.’ मी म्हटलं, भावाचं पत्र येऊ दे, त्याच्यासोबत सांगते. हे खरंच ठरवलं होतं.

शनिवारी, सोळा तारखेला, सकाळची शाळा करून आले तेव्हा पोस्टमन दारातच भेटला. उभ्यानंच उघडलं. वर अव्वासाठी, खाली माझ्यासाठी. ‘अव्वा, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी येतो. लुसियाला आणि पोराला घेऊन येतो. तोवर जेवत जा.’ आणि माझ्यासाठी, ‘अक्का, तुला माफ केलं की नाही ते मला अजून समजत नाही. पण हे रत्नम्माच्या पत्त्यावर घालत नाही. तूच वाचून दाखव. लिहिलंय तसं वाच.’

मला रडू आलं. पदरानं तोंड पुसून, कागद हातात घेऊन मी आत गेले. वाचायलाच गेले होते, एवढं माझं मान.

अव्वा उशांना टेकून बसली होती. रत्नम्मा नुकतीच घरी गेली होती. मी जवळ बसले तशी अव्वानं माझं मनगट धरलं. धरायलाही ताकद नव्हती, नुसता हात ठेवला म्हण. आणि बोलायला लागली, थांबत थांबत. म्हणाली, मी आयुष्यभर मुलगा मुलगा केलं. त्या मास्तरचं स्थळ मी मोडायला नको होतं. तू माझ्याजवळ राहिलीस, तो दगड निघाला. ‘अवनगिंत नीन चलो.’

त्याच्यापेक्षा तूच चांगली.

अडतीस वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली. आता ते मला तीन भाषांत येतं. अव्वाच्या तोंडून आलं तेव्हा ते खोट्या पत्रांवर उभं होतं, हे मला त्या क्षणीही कळत होतं. तुझा कागद माझ्या मांडीवर होता. तो वाचला असता तर तिनं ते वाक्य परत घेतलं असतं. घ्यायलाच हवं होतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं असतं आणि तिला कळलं असतं की तिच्यासमोर बसून मी काय काय लिहिलं.

त्यानंतर ती तीन दिवस जगली. सोमवारपर्यंत तिला नीट ऐकू येत होतं. तीन दिवसांत कितीदा तरी तो कागद वाचता आला असता. ती गेली ती तू दगड आहेस असं समजून गेली. तुझ्या बाजूनं एक शब्द बोलणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं.

त्या शनिवारी तिनं कागदाकडे बोट केलं आणि विचारलं, कुणाचं पत्र आलंय?

मी म्हटलं, शाळेचं.

ती म्हणाली, मग राहू दे, आधी जेवून घे. उन्हातून आलीस.

मी उठले, आणि जेवले.

महानंदा